राउटर पुसला गेला आणि काटा सापडेना: मिलच्या ऑफिसात रिमोट डेस्कटॉप वापरल्याचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलचं ऑफिस मी सांभाळतो. विंडोजमध्ये आयतं मिळणारं रिमोट डेस्कटॉप (एका कॉम्प्युटरवरून दुसरा चालवायची सोय) आम्ही उन्हाळ्यापासून रोज वापरतोय. सोयाबीनचा हंगाम त्याच्यावर निघाला, आता तुरीची आवक चालू आहे. मत आधीच सांगतो: सोय पक्की आहे, पैसे वेगळे पडत नाहीत, पण तिचा सगळा पत्ता राउटरमध्ये साठवलेला असतो. राउटर कोरा झाला की दोन्ही कॉम्प्युटर धडधाकट असूनही एकमेकांना सापडत नाहीत.

आम्हाला याची गरज का, ते थोडक्यात. वजनकाट्याचा इंडिकेटर सीरिअल केबलने काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे. वजन फक्त तिथल्याच सॉफ्टवेअरमध्ये येतं. केबिन गेटला, ऑफिस आत. हंगाम नसला की केबिनमध्ये बसायला माणूस परवडत नाही, म्हणून भरगाडी-रिकामी गाडीचं वजन ऑफिसातूनच रिमोटने घ्यायचं. शिवाय मालक मार्केट यार्डातल्या अडतीवर असतात, त्यांना तिथून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) बघायची असते.

मृगाच्या पावसात विजा झाल्या आणि नेट गेलं. नेटवाल्याचा माणूस आला, ऑफिसातल्या मेन डब्याला, म्हणजे मुख्य राउटरला, आणि केबिनमधल्या आमच्या राउटरला, दोघांनाही मागच्या भोकात पिन मारून रीसेट केलं, मोबाईलवर व्हॉट्सॲप चालतंय बघून गेला. तेवढ्यात दिवाणजींचा फोन. ‘भैया, काटा उघडंना गेलाय. गाडी उभी हाय.’

स्क्रीनवर विंडोजचा ठरलेला निरोप होता: समोरच्या कॉम्प्युटरवर रिमोट चालू नसेल, तो बंद असेल किंवा नेटवर्कवर नसेल. तिन्ही कारणं एकदम सांगतो, त्यामुळे कळत काहीच नाही. यातलं खरं कारण शोधायला सगळ्यात कामाला आली ती आयपीकॉन्फिग ही साधी कमांड; ती मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दाखवते. ऑफिसातल्या मशीनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि काट्याचा १९२.१६८.० ने. म्हणजे केबिनमधला राउटर, जो नुसता ॲक्सेस पॉइंट (स्वतः पत्ते न वाटता मेन डब्याचंच नेटवर्क पुढे नेणारा) म्हणून लावलेला होता, तो पिन मारल्यावर पुन्हा राउटर झाला होता आणि स्वतःचे वेगळे पत्ते वाटत होता. गंमत अशी की काट्यावरून ऑफिसातलं शेअर फोल्डर आयपी टाकून उघडत होतं, पण ऑफिसातून काटा उघडत नव्हता. आतल्या राउटरमागून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. पत्ते असे वेगळे दिसले आणि काम एकेरी चाललं तर विंडोजला हात लावू नका, मध्ये दुसरा राउटर बसलाय हे समजा. आम्ही तो परत ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला. तसा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करायचा, त्याला मेन डब्याच्याच मालिकेतला, पण त्याच्या वाटपाबाहेरचा एक रिकामा पत्ता द्यायचा आणि मेन डब्याकडून येणारी केबल वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) भोकाऐवजी लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) भोकात घालायची.

मग पत्त्यांचा प्रश्न. आधी मेन डब्यात मॅक ॲड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून काट्याला कायमचा आयपी दिलेला होता, तो पुसला गेला. आता डब्यातली वाटपाची हद्द (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० पासून पुढे ठेवली आणि काट्याला ५०, टॅलीच्या मशीनला ५१ असे पत्ते थेट विंडोजमध्येच भरले. डबा परत कोरा झाला आणि त्याचा मुळातला पत्ता तोच राहिला तर मशीनचे पत्ते हलत नाहीत. उद्या वेगळ्या कंपनीचा डबा आला आणि त्याचा पत्ताच वेगळा असला तर मात्र हे परत करावं लागेल. हे आकडे केबिनच्या आणि ऑफिसच्या भिंतीवर, लाइट बिलाच्या खिळ्याशेजारी, कागदावर लिहून लावलेत. कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेला पत्ता नेमका अशा वेळी उपयोगाचा नसतो.

टॅलीचं मशीन वाय-फायवर आहे. रीसेटनंतर वाय-फायचं नाव बदललं, म्हणून विंडोजने त्याला अनोळखी नेटवर्क धरून ‘पब्लिक’ ठरवलं. मशीन नावाने सापडेना. ‘प्रायव्हेट’ केल्यावर सापडलं. हे दोन मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर दुपार जाते.

पासवर्डची भानगड मात्र अजिबात डोक्यात नव्हती. रिमोट डेस्कटॉप पासवर्ड लक्षात ठेवतं ते त्या त्या पत्त्याच्या नावावर. पत्ता बदलला की ते परत विचारतं. आणि आमच्याकडे सगळे रोज विंडोजची आकडी पिन टाकून आत जातात, जी रिमोटला चालत नाही. पूर्ण पासवर्डच लागतो. तो कुणालाच आठवेना. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला तर विंडोज रिमोटने आतच घेत नाही. गेटवर गाडीवाला हॉर्न मारायला लागलेला आणि आम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो ते शोधत होतो.

आता अडतीचं. पूर्वी स्टॅटिक आयपी (न बदलणारा बाहेरचा पत्ता) होता आणि डब्यात ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरच्या जगाला उघडा करून ठेवलेला. रीसेटनंतर डब्याचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसायला लागला. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं, नेट कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. मग पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी पोचत नाही. स्टॅटिक आयपी परत चालू करून घेता आला असता, पण आम्ही तो नादच सोडला. ३३८९ उघडा ठेवणं म्हणजे रात्रंदिवस कुणीतरी पासवर्ड लावून बघणार. जुन्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) काढल्या तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, ओळीच ओळी. २०१९ च्या मे महिन्यात याच सेवेतलं ब्लूकीप नावाचं भोक उघडं पडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली होती. त्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. पोर्टचा नंबर बदलून टाका असा सल्ला अनेक जण देतात. त्याने नोंदी कमी होतात, धोका तेवढाच राहतो.

त्याऐवजी टेलस्केल टाकलं; ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, म्हणजे इंटरनेटवरून आपल्या मशीनचं बंदिस्त खाजगी नेटवर्क बनवतं. प्रत्येक मशीनला १०० नेच सुरू होणारा खाजगी पत्ता मिळतो (वरच्या पट्ट्यातलाच, पण संबंध वेगळा), डब्यात काही उघडावं लागत नाही, आणि डबा पुसला गेला तरी हा पत्ता तोच राहतो. मालकांच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे. होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, होममध्ये कुणाला येता येत नाही, त्यासाठी प्रो लागतं. म्हणून काटा आणि टॅली दोन्ही प्रोवर आहेत. टेलस्केलमध्ये मशीनच्या किल्लीला मुळात १८० दिवसांची मुदत असते. केबिनमधल्या मशीनसाठी ती मुदत सेटिंगमधून बंद केली, नाहीतर ऐन तुरीत काटा गायब.

रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: मध्येच नेट किंवा वाय-फाय तुटलं तरी समोरचं सेशन जिवंत राहतं. अर्धी भरलेली वजनाची नोंद परत जोडल्यावर तिथेच असते. इथल्या लाइटीच्या हिशोबाने हे फार मोठं आहे. फक्त केबिनमधल्या मशीनला यूपीएस हवा, स्लीप बंद हवं, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय लावलेला हवा.

वैतागही आहे. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच माणूस. हंगामात केबिनमध्ये पोरगं बसतं; ऑफिसातून कुणी आत शिरलं की त्याच्यासमोर लॉक स्क्रीन येते आणि ते ओरडतं, ‘कोण घुसायलंय रे?’ त्यामुळे हंगामात फोन केल्याशिवाय कुणी जोडायचं नाही असा नियम केलाय. दुसरं प्रिंटरचं. रिमोटने जोडलं की आपला प्रिंटर समोरच्या मशीनचा मुख्य प्रिंटर होऊन बसतो. ड्रायव्हर गेटवर उभा आणि काटा पावती ऑफिसातल्या लेझरवर! जोडण्याआधी ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये जाऊन प्रिंटरची खूण काढली आणि ती जोडणी सेव्ह केली, तेव्हापासून पावती केबिनमधल्या डॉट मॅट्रिक्सवर निघते.

एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरं रीसेटनंतर बिनबोभाट चालली असती हे खरं. ती इंटरनेटवरच्या सर्व्हरमार्फत एका आकडी नंबरावर जोडतात, आतल्या नेटवर्कच्या पत्त्यांशी त्यांना देणंघेणं नाही. समोरच्यालाही स्क्रीन दिसत राहते, म्हणून कुणाला शिकवायचं असेल तर तीच बरी. पण धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो, आणि त्या नंबरावर जोडायचं तर बाहेरचं नेट गेलं की गेटवरचा काटासुद्धा दुरावतो. आमचं जोडकाम मिलच्या आतल्या केबलवर चालतं. नेट बंद असलेल्या दिवशीही गाड्या मोजल्या गेल्यात.

पाचपैकी चार. एक गुण लॉक स्क्रीनपायी कापला. काट्याचं मशीन अजून विंडोज १० वर आहे, ज्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तूर उरकली की ते बदलायचंय, आणि प्रोसोबत सीरिअल पोर्ट असलेलं मशीन लातुरात कुठे मिळतं याची विचारपूस सुरू आहे.