कांडपाच्या जागेत कॉफी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या ज्या वाड्याच्या तळमजल्यावर गेल्या उन्हाळ्यापर्यंत चटणी (म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे तिखट) कांडपाची गिरणी होती, तिथे आता कॅफे सुरू झाला आहे. दोन वेळा जाऊन आल्यानंतर हे लिहीत आहे.

वास्तूचे काम उत्तम झाले आहे. सागवानी खांब घासून तेल दिले आहे, कौले उतरवून पुन्हा बसवली आहेत आणि काळ्या दगडाचे जोते सिमेंटखाली न झाकता उघडे ठेवले आहे. पेठेतले कितीतरी वाडे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत असताना हा वाडा वाचला, याचे श्रेय चालकांना दिलेच पाहिजे. कॉफी चांगली आहे. वाढणारी मुले याच भागातली असून अगत्याने वागतात.

मिसळ मात्र निराश करते. ती 190 रुपयांना मिळते, सोबत ब्रेडच्या स्लाइसऐवजी लोण्यात भाजलेला पाव येतो आणि जादा कटाचे 40 रुपये वेगळे लागतात. (कोल्हापुरात कटाचे पैसे मागायला धैर्य लागते.) चटणी कुठली, असे विचारल्यावर ती पाकिटातली असल्याचे मुलाने प्रामाणिकपणे सांगितले.

याच जागेत उन्हाळाभर बायकांची रांग असे. रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, शिवाय भाजलेले खोबरे, धणे आणि लसूण असे सगळे घरून आणून, आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळू नये म्हणून त्या शेवटपर्यंत यंत्रापाशी उभ्या राहत. आता आमच्या शेजारच्या काकू तेच डबे रिक्षाने दुसऱ्या पेठेत नेतात.

लंडनमधल्या कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग घरे घेऊ लागला आणि मूळचे रहिवासी बाहेर पडू लागले, त्या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. इथे घर कोणाचेच गेलेले नाही, एक गाळा तेवढा बदलला. परंतु त्यामागचे गणित फारसे वेगळे नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार जुन्या भाडेकरूचे भाडे साधारणपणे वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढवता येते, आणि तीच जागा रिकामी होऊन लिव्ह अँड लायसन्सवर गेली की रक्कम परस्परांच्या संमतीने ठरते. ही तफावत पाहता मालकाने गिरणीवाल्याशी तडजोड करून जागा सोडवून घेतली, यात नवल नाही. वर्षातले तीन-चार महिनेच खऱ्या अर्थाने चालणारा धंदा कॅफेइतके भाडे देऊ शकत नाही.

कॉफी आणि वाडा यांसाठी जरूर जावे. मिसळ दुसरीकडे खावी. गल्लीत मोटार लावायला जागा नाही. दुपारी पंखे जोरात फिरू लागले की तुळयांवरचे जुने तिखट अजूनही खाली उतरते, तेव्हा ठसका लागल्यास वेटरला दोष देऊ नये.