रिफेलहॉर्नवरचा टेस्टचा दिवस: गाईडला पाच स्टार, भाड्याच्या बुटांना शून्य

स्वित्झर्लंडमधल्या मॅटरहॉर्न शिखरासाठी गाईड बघायला लागलात की पायथ्याच्या झेरमाट गावात आधी एक दिवस तुमची परीक्षा घेतात, बरेचदा रिफेलहॉर्नवर. मला वाटलं पैसे उकळायचा धंदा आहे. गोर्नरग्राटच्या दातेरी रेल्वेने रोटेनबोडेनला उतरायचं, ते स्टेशनच 2815 मीटरवर, आणि रिफेलहॉर्न 2928! म्हणजे शंभर मीटरची टेकडी. हसूच आलं.

चढताना खरंच काही वाटलं नाही, सह्याद्रीत बरेच सुळके केलेत, हात चालतात. फक्त दगड आपल्या बसाल्टसारखा नाही, हिरवट गुळगुळीत सर्पेंटिनाइट आहे आणि त्या कडक तळाच्या बुटांत पाय कशावर टेकलाय तेच कळत नाही. वाट लागली ती उतरताना. आपण सुळक्यावरून रॅपल मारतो, म्हणजे दोरावरून सरकत खाली येतो, विषय संपला. इथे गाईड म्हणाला, तोंड दरीकडे करा आणि चालत उतरा. खाली गोर्नर ग्लेशियर दिसतोय, मी बूड टेकवत टेकवत सरकतोय आणि तो मागे आखूड रोप धरून उभा, बैलाची वेसण धरल्यासारखा. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा काही बोलला नाही, नुसतं घड्याळ बघितलं.

खाली आल्यावर नीट समजावलं. मॅटरहॉर्नची चढाई जिथून सुरू होते ती हॉर्नली हट 3260 वर, शिखर 4478, म्हणजे बाराशे मीटरच्या वर चढ, आणि उतरायला जवळपास तेवढाच वेळ, तोही दमलेल्या पायांनी. 1865 च्या पहिल्या चढाईत सातपैकी चौघं गेले तेही उतरतानाच. ‘वर तुम्ही जाल हो, खाली कधी याल ते सांगता येत नाही,’ यंदा नको म्हणाला. मॅटरहॉर्नच्या मोठ्या दिवसाचे पैसे त्यालाच मिळणार होते, तरी नाही म्हणाला, माझे पाच स्टार त्याचेच आहेत. राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू.

बूट मात्र गावातल्या एका दुकानातून भाड्याने घेतले, नाव देत नाही. 43 मागितले तर 42 दिले, वर ‘सैल होतील’. सपाट फरशीवर चालून बघितलं तेव्हा मस्त वाटले, उतारावर प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटत होता. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातल्या पायऱ्या दहा वेळा उतरून बघा, लाजू नका. दोन महिने झाले, नख अजून काळंच आहे.