बॉस डीडी-८: अकरा मोड, स्टेजवर लागतात तीन

बडोद्यात गिटार वाजवायची म्हणजे गणपतीत दांडिया बाजारच्या मंडळांपुढे भावगीतं आणि नवरात्रात गरबा. या दोन्हीला पुरेल असं एकच डिले पेडल, म्हणजे वाजवलेल्या सुराचा प्रतिध्वनी काढणारी पायाखालची डबी, मला हवं होतं, म्हणून बॉस कंपनीचं हे डीडी-८ घेतलं. मॉडेल २०१९ चं. दुकानात जो तो आधी शिमर हा मोड लावून बघतो. वरच्या सप्तकातला तो चमचमाट ऐकला की हात आपोआप खिशाकडे जातो. कार्यक्रमात मात्र मी तो क्वचितच लावतो. गाणं सुरू होण्याआधीच्या संथ तुकड्यात शोभतो, मुखडा आला की बंद.

गायकामागे वाजवायला ॲनालॉग मोड. त्यात प्रत्येक प्रतिध्वनीची धार आधीच्यापेक्षा बोथट होत जाते, म्हणून गाण्याचे शब्द झाकले जात नाहीत. स्टँडर्डमध्ये प्रतिध्वनी मूळ सुरासारखाच लखलखीत येतो, आणि गायिका दुसऱ्याच ओळीला मागे वळून बघते.

फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी किती वेळा परत यावा ते, कमीच बरा. देस राग घ्या: चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. फीडबॅक वाढवलेला असला तर शुद्ध नी अजून घुमत असतो आणि तुम्ही कोमल नीवर येऊन ठेपता. पेटीवाले काका तेव्हा जे बघतात ते सांगण्यासारखं नाही.

गरब्याला स्टँडर्ड आणि टॅप, म्हणजे पायाने ठोके देऊन डिलेची लय ठरवणं. पेडल दोन सेकंद दाबून धरायचं, मग ढोलाच्या ठोक्यांबरोबर पायाने ते दाबत जायचं. हिशेब सोपा आहे: ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. १२० ला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. गिटारवाल्यांचा लाडका डॉटेड एट्थ म्हणजे पाऊण ठोका, ३७५. केरव्यात तो मजेत उड्या मारतो. हींच हा गरब्याचा ताल आला की मात्र घात! तिथे ठोक्याचे तीन भाग पडतात आणि ३७५ नेमका मधल्या फटीत सापडतो. तेव्हा दोन तृतीयांश, म्हणजे ३३३ च्या आसपास आणा, नाहीतर सरळ एका ठोक्यावर.

तिसरा वॉर्म: डिजिटलच, पण कडा घासलेल्या. एकट्या गिटारच्या तुकड्याला छान. रिव्हर्स, वॉर्प, जीएलटी (ग्लिच) हे मोड घरी खेळायला. टेप मोडची थरथर मला आवडते, पण आमच्या मंडपातल्या स्पीकरांवर ती कुणाला कळणार?

लूप, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून पुन्हापुन्हा ऐकवणं, ४० सेकंदांचा. दादऱ्याचे कॉर्ड भरून त्यावर रियाज मस्त होतो. एवढंच की लूप हाही मोड निवडायच्या गोल बटणावरचाच एक मोड, म्हणजे त्या वेळी डिले नाही. आणि थांबवायला तोच पाय दोनदा झटपट, तेही समेवर.

कॅरीओव्हर चालू ठेवा. पेडल बंद केल्यावरही शेवटचे प्रतिध्वनी हळूहळू विरतात. ॲडॉप्टर नऊ व्होल्टचा, पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह. ज्यांना साधाच डिले हवा त्यांनी बॉसचंच डीडी-३टी बघावं, टॅप त्यातही आहे.