‘नकोस’ गळालं, आणि रानड्यांचं साल सापडलं

फोंड्याच्या बाजारातलं हे छपाईचं दुकान. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आधी तक्रार आहे आणि मला तिथं पुन्हा जायचं आहे.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, लहान, पन्नास-साठ माणसं. निम्मी माझ्यासारखी नगरकडची, नोकरीपायी गोव्यात येऊन इथलीच झालेली. दर १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाच्या संध्याकाळी, आमची उपकारस्तुतीची उपासना असते. छपाईचं काम पाळकसाहेबांनी यंदा माझ्या गळ्यात घातलं. बाई शाळेत होत्या ना, मग शुद्धलेखन येणारच!

आठ बाय चारचा फ्लेक्स आणि उपासनेच्या साठ पत्रिका अशी ऑर्डर दिली. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फ्लेक्सवर बायबलच्या स्तोत्र १०३ मधली ओळ हवी होती, देवाचे ‘सर्व उपकार विसरू नकोस’. प्रूफ पाठवा म्हणून दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ‘हो मॅडम’ आलं, प्रूफ काही आलं नाही. १६ तारखेला थेट गुंडाळीच हातात पडली. घरी येऊन उलगडली तर ‘स्वातंत्र्य’चं झालेलं ‘स्वातंत्रय’, आणि खाली ठळक लाल अक्षरांत ‘सर्व उपकार विसरू’. बस, एवढंच. चौकटीत मावलं नाही म्हणून ‘नकोस’ गळालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी काखेत मारून परत गेले. मालकाचं म्हणणं, मोबाइलचा मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये घेताना जोडाक्षरं फुटतात, त्याला ते काय करणार. अहो, डोळ्यांनी वाचायचं, दुसरं काय! गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, भारतातला पहिला. १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. चारशे वर्षं उलटली, आणि आमचा ‘त्र्य’ अजून अडतोच आहे.

हे मी जरा मोठ्यानंच बोलले असणार. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले मालकाचे वडील उठून आले. वय चौऱ्याऐंशी. पोरवयापासून खिळे जुळवलेले, अंगठ्याच्या पेराला अजून घट्टा आहे. पत्रिका हातात घेऊन उभ्याउभ्याच वाचू लागले, ओळीखाली नख फिरवत, एकेक शब्द. मध्येच नख थांबलं.

“बाई, हे चुकलंय. रानडे एकसष्टला सुटले नाहीत.”

पत्रिकेत आभाराच्या प्रार्थनेत मी गोवा मुक्तिलढ्यातली दोन नावं घातली होती. एक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, १९४६ मध्ये पकडून पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात नेलेले. दुसरे मोहन रानडे, ‘१९५५ मध्ये अटक, १९६१ मध्ये सुटका’. गोवा सुटला म्हणजे तेही सुटले, असं मी धरूनच चालले होते. काकांनी सांगितलं, ते तेव्हा लिस्बनजवळ काशियशच्या तुरुंगात होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत. इथं तिरंगा लागल्यावरही सात वर्षं! ही चूक फाँटची नव्हती, माझी होती. खजील झाले.

मग काका थोरल्या बहिणीच्या लग्नाचं सांगू लागले. मुक्तीच्या आधीचं लग्न, पत्रिकेचा मजकूरसुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावा लागायचा. “तेव्हा प्रूफ सरकार वाचायचं,” मुलाकडे बघत म्हणाले, “आता कोणीच वाचत नाही.” मुलगा मुकाट्यानं संगणकापाशी जाऊन बसला.

उपासनेतला संदेशही माझ्याकडेच होता. तयार केलेला भाग बाजूला ठेवला आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा २२ वा अध्याय उघडला. प्रेषित पौलाला पकडणारा रोमी सरदार त्याला सांगतो, हे रोमी नागरिकत्व मी मोठी रक्कम मोजून मिळवलं. पौल म्हणतो, मी तर जन्मतःच आहे. इतकी वर्षं मी ते वचन पौलाच्या बाजूनं वाचत आले. त्या संध्याकाळी सरदाराच्या बाजूनं वाचलं. माझा जन्म १९६३ चा, मला सगळं फुकट मिळालेलं. रक्कम मोजणारा माणूस सकाळी काउंटरपलीकडे उभा होता आणि मी त्याच्या मुलाशी ‘त्र्य’वरून भांडत होते.

आता व्यवहाराचं. दर वाजवी: फ्लेक्स वीस रुपये चौरस फूट, म्हणजे आठ बाय चारला ६४०. दुसरा फ्लेक्स आणि सुधारलेल्या पत्रिका त्याच संध्याकाळी मिळाल्या, जादा पैसे न घेता. कागद बरा, घडी सरळ. फ्लेक्स टांगायच्या रिंगा मात्र चारच ठोकतात, सहा मागून घ्या. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, फोन करूनही उपयोग नाही. मराठी मजकूर असेल तर सकाळी दहाच्या सुमारास जा, तेव्हा काका असतात, आणि ते वाचल्याशिवाय छापू देऊ नका. पाचपैकी साडेतीन तारे. काका असतील तर पाच.

पहिला फ्लेक्स त्यांनी परत घेतला नाही. सध्या पावसात तो आमच्या स्कूटरवर पांघरलेला असतो. गेटातून ‘उपकार विसरू’ एवढंच दिसतं, आणि शेजारची बाय रोज विचारते, कोणाचे गं?