ब्रेक ऑइल बदलल्याचे बिल आणि न उघडलेले निपल

जुन्या मोटारीचे ब्रेक ऑइल बदलून घेतल्यावर बिलात ‘चारही चाकांचे ब्लीडिंग’, म्हणजे चाकांजवळचे जुने ऑइल आणि हवा बाहेर काढणे, असे लिहून आले आणि बॉनेट उघडताच टाकीत स्वच्छ, फिकट पिवळे ऑइल दिसले, की काम झाले असेच कोणीही समजेल. माझीही तशीच समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात चारांपैकी एकाही चाकाचा ब्लीडिंग निपल, म्हणजे हे ऑइल बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू, उघडला गेला नव्हता. ते सगळे गंजून जाम झाले होते, त्यांतला एक गॅरेजमध्ये तुटला होता, आणि मला हे सांगण्याऐवजी ते लपवण्याची व्यवस्था करण्यात आली होती. जुनी मोटार वापरणाऱ्या कोणाचीही अशी फसवणूक होऊ शकते आणि तिची झळ पैशांपुरती राहत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

लांब उतारावर वारंवार ब्रेक लावत असताना पेडल एकाएकी मऊ पडून खाली जाऊ लागले आणि गाडी थांबवून काही वेळ गेल्यावर पुन्हा पूर्ववत झाले. हे लक्षण नव्या ब्रेक ऑइलचे नाही. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारचे असते आणि ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण सुमारे 3.7 टक्के पाणी शिरल्यावर त्याच प्रतीची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. चाकाजवळचे तापलेले ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. ऑइल बदलून फार काळ झालेला नसताना असे व्हावे, हे पटण्यासारखे नव्हते, म्हणून मी गाडी दुसऱ्या तंत्रज्ञांकडे नेली आणि चाके उतरवताना शेजारी उभा राहिलो.

पुढच्या डाव्या कॅलिपरच्या (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलवर रबरी टोपी नव्हती. गंजाचा थर कॅलिपरच्या अंगावरून निपलच्या बुडापर्यंत सलग चढलेला होता आणि दोहोंच्या सांध्यावर तो कुठेही तडकलेला नव्हता. षटकोनी डोक्याच्या कडांवर पान्याचा एकही चकचकीत ओरखडा नव्हता. निपल पाव फेरा जरी फिरला असता, तरी तो थर मोडलाच असता. पुढच्या उजव्या बाजूचीही अवस्था तीच होती. मागच्या उजव्या ड्रमच्या पाठीमागे प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या: बारा कोनांचा रिंग पाना घसरून निपलचे सहाही कोपरे गोल झालेले होते, आणि सभोवती चिखलाचे पापुद्रे असताना नेमक्या तेवढ्याच भागावर काळ्या रंगाचा ताजा हात फिरवलेला होता. मागच्या डाव्या चाकावर मात्र नवीकोरी रबरी टोपी होती. तंत्रज्ञांनी ती ओढली, तेव्हा तिच्यासोबत घट्ट झालेल्या इपॉक्सी या चिकटद्रव्याचा गोळा निघून आला. त्याखाली निपल मुळाशी तुटलेला होता. चारही चाकांत नवी टोपी होती ती फक्त तुटलेल्या निपलवर, आणि मनातून जात नाही ती हीच गोष्ट.

निपल तुटूनही गळती का झाली नव्हती, हेही समजून घ्यावे. हा निपल म्हणजे आतून पोकळ असलेला स्क्रू असतो. त्याचे शंकूच्या आकाराचे टोक कॅलिपरमधल्या किंवा व्हील सिलिंडरमधल्या (ड्रम ब्रेकमध्ये ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणाऱ्या भागातल्या) बैठकीवर दाबून बसते आणि ऑइल तिथेच अडते. वरचे डोके तुटले तरी टोक जागेवर राहिल्यास ब्रेक वरकरणी ठीक चालतो. त्यामुळेच अशी लपवाछपवी गाडीखाली एकही थेंब न पडता महिनोन्‌महिने खपून जाते.

त्या गॅरेजने केले एवढेच होते, की टाकीतले जुने ऑइल पिचकारीने ओढून नवे भरले. जाब विचारल्यावर गॅरेजचे मालक म्हणाले, “अहो साहेब, वरचं ऑइल हळूहळू आपोआप खाली उतरतंच.” हे खरे नाही. चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी तिथेच संपते. पेडल दाबल्यावर तिच्यातले ऑइल किंचित पुढे सरकते आणि सोडल्यावर मागे येते, ते वाहत नाही. पाणी आणि कचरा साठलेले ऑइल सर्वाधिक उष्णता असलेल्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्येच, पडून राहते आणि ते बाहेर काढण्याचा साधा मार्ग म्हणजे हाच निपल. पुढचा निपल शेवटी सुटला, तेव्हा पारदर्शक नळीतून काढ्यासारखा काळपट द्रव आला, आणि त्याच वेळी वरच्या टाकीतले ऑइल पिवळेधमक होते. मालकांचा दुसरा मुद्दा असा, की जुन्या गाडीचे निपल तुटतात म्हणून ते त्यांना हात लावत नाहीत. ही भीती रास्त आहे. पोलादी निपल ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये असेल तर दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने, आणि बिडाच्या भागात असेल तर गंजाने, आटे खरोखरच एकजीव होतात. निपल जाम असणे हा कोणाचा अपराध नाही आणि तो सोडवताना तुटणे हाही नाही. न केलेल्या कामाची मजुरी घेणे आणि तुटलेला ब्रेकचा भाग टोपीखाली दडवणे हा मात्र अपराधच आहे. त्यानंतर त्यांनी चारही चाकांचे कॅलिपर बदलण्याचा प्रस्ताव मांडला. मागच्या चाकांना कॅलिपर नव्हतेच. तिथे ड्रम आणि व्हील सिलिंडर होते.

दुसऱ्या तंत्रज्ञांनी पुढचे दोन्ही निपल कॅलिपर न बदलता सोडवले. तारेच्या ब्रशने बूड साफ करून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. निपलच्या पोकळीत बसेल अशा ड्रिल बिटची मागची, गुळगुळीत बाजू आत घातली, जेणेकरून पोकळ भिंत चेपणार नाही, आणि मग डोक्यावर हलके ठोके दिले. त्यानंतर सहा कोनांचा सॉकेट लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने, असे थोडेथोडे हलवत राहिले. पहिली बारीक कुरकुर ऐकू आली तरी त्यांनी जोर वाढवला नाही. ज्योतीचा वापर त्यांनी टाळला, कारण ब्रेक ऑइल पेट घेते, आतली रबरी सील जळतात, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला उष्णता दिल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर मात्र नवे घालावे लागले. तुटलेल्या निपलमध्ये एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्क्रू बाहेर काढण्याचे हत्यार) मोडला किंवा ड्रिल वाकडे गेले तर शंकूची बैठकच खराब होते, आणि ब्रेकच्या बाबतीत तशी जोखीम घेण्यात अर्थ नाही. सिलिंडरला जोडलेल्या नळीचा नटही जाम असू शकतो आणि तसे असल्यास नळी पिळली जाऊन तीही बदलावी लागेल, हे त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले होते.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी गाडी देण्यापूर्वी चारही निपलांची जवळून छायाचित्रे काढावीत आणि एखादा तुटल्यास काय बदलावे लागेल हे आधीच ठरवून घ्यावे. काढलेले जुने ऑइल दाखवायला सांगावे. चारही चाकांतून नीट ब्लीडिंग केल्यावर साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक द्रव जमा होतो, नुसत्या टाकीतून निघणारे त्याहून बरेच कमी असते. गाडी परत घेताना प्रत्येक निपलच्या डोक्यावर पान्याची ताजी खूण आहे का ते पाहावे, आणि एखादाच भाग नव्याने रंगवलेला दिसला तर तो खरवडून घ्यायला सांगण्यास संकोच करू नये. कॅलिपर बदलला असेल तर निपल त्याच्या वरच्या बाजूला आला आहे ना, हेही तपासावे, कारण डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन निपल खाली गेला तर आतली हवा निघत नाही.

छायाचित्रे समोर ठेवल्यावर पहिल्या गॅरेजने ब्लीडिंगची मजुरी परत केली. तुटलेल्या निपलची जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही, आणि ते बिल दुरुस्त करून देण्यासही नकार दिला. आता चारही निपल नवे आहेत, आट्यांच्या वरच्या भागाला जाम न होण्यासाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आहे, तो शंकूला आणि छिद्राला लागणार नाही अशा बेताने, आणि प्रत्येकावर टोपी बसवली आहे. यापुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदलताना ते सगळे माझ्यासमोर उघडले जातील.