‘ड्राइव्ह’ : डाग न धुतलेले जॅकेट

निकोलस विंडिंग रेफन या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘ड्राइव्ह’ हा चित्रपट मे २०११ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला आणि परीक्षकांनी त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार दिला. सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोअरच्या पाहणीत त्याच्या वाट्याला ‘सी उणे’ ही जवळजवळ नापासाची श्रेणी आली. मिशिगनमधल्या एका महिलेने तर, जाहिरातीत वेगवान पाठलागांचे आश्वासन देऊन पडद्यावर फारशी ड्रायव्हिंगच दाखवली नाही, असा आक्षेप घेत वितरकांना न्यायालयात खेचले. या दाव्याची पुढे बरीच चेष्टा झाली. परंतु त्या प्रेक्षक महिलेची तक्रार वस्तुस्थितीला धरून होती हे मान्य करायला हवे. शंभर मिनिटांच्या या चित्रपटात खऱ्या अर्थाने पाठलाग म्हणावेत असे प्रसंग दोनच आहेत, आणि त्यांतल्या पहिल्यात गाडी धावते त्यापेक्षा थांबते जास्त.

त्या पहिल्या प्रसंगापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण प्रेक्षकांचे दोन तट तिथेच पडतात. रात्रीचे लॉस एंजेलिस आहे. रायन गॉसलिंगने रंगवलेला नायक (त्याला संपूर्ण चित्रपटात नाव नाही) दरोडेखोरांना फोनवर अटी सांगतो : पाच मिनिटे तो त्यांचा, त्या पाच मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे काहीही झाले तरी त्याचा संबंध नाही; तो शस्त्र बाळगत नाही, फक्त गाडी चालवतो. मनगटावरचे घड्याळ तो स्टिअरिंगला बांधतो. गाडीही कोणाचे लक्ष जाणार नाही अशी, साधी रुपेरी शेव्हरोले इम्पाला. एका कानाने तो पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरचे संदेश ऐकतो आणि दुसऱ्या कानाने रेडिओवरचे बास्केटबॉल सामन्याचे धावते समालोचन. दरोडा पडतो, गाडी निघते, आणि मग सुरू होतो लपंडाव : दिवे मालवून गल्लीत उभे राहणे, हेलिकॉप्टरचा झोत आला की पुलाच्या सावलीत शिरणे, सिग्नलवर पोलिसांच्या समोर निर्विकार चेहऱ्याने वाट पाहणे. रेडिओवरचा सामना आपण इतका वेळ का ऐकत होतो, हे शेवटच्या क्षणी कळते. सामना संपून लोक बाहेर पडू लागतात नेमक्या त्याच वेळी गाडी क्रीडागृहाच्या वाहनतळात शिरते, नायक टोपी चढवतो आणि गर्दीत मिसळून चालू लागतो. त्यानंतर पडद्यावर गुलाबी, लपेटदार अक्षरांत श्रेयनामावली उमटते. गेल्या काही दशकांतल्या गुन्हेपटांत यापेक्षा नेटका आरंभ मला तरी आठवत नाही. मात्र ज्याला इंजिनाची गर्जना हवी होती त्याचा इथेच विरस होतो, हेही खरे.

कथानक जेम्स सॅलिस यांच्या २००५ मधल्या छोटेखानी कादंबरीवर आधारलेले असून पटकथा हुसैन अमिनी यांची आहे. नायक दिवसा गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो, चित्रपटांसाठी गाड्यांची धाडसी दृश्ये करतो आणि रात्री पळ काढणाऱ्या चोरांचा सारथी होतो. शेजारच्या घरात राहणारी आयरीन (कॅरी मलिगन) आणि तिचा लहान मुलगा बेनिसिओ यांच्याशी त्याचा अबोल स्नेह जुळतो. आयरीनचा नवरा स्टँडर्ड तुरुंगातून सुटून येतो, तो पाठीमागे कर्ज घेऊन. ते फेडण्यासाठी त्याला तारणावर पैसे देणाऱ्या एका दुकानावर दरोडा घालायला भाग पाडले जाते, आणि आई-मुलाला धोका पोहोचू नये म्हणून नायक त्याला मदत करायचे ठरवतो. बेत फसतो, हाती अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे दहा लाख डॉलर लागतात, आणि तो पैसा कोणाचा हे कळते तेव्हा माघार घेण्याची वाट बंद झालेली असते.

‘फिल्म न्वार’ हा शब्द १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने, युद्धकाळात फ्रान्सपर्यंत न पोहोचलेले अमेरिकी गुन्हेपट एकदम पाहायला मिळाल्यावर, त्यांच्या काळवंडलेल्या मनोवृत्तीसाठी वापरला. त्या परंपरेतला पुरुष सहसा लोभाने किंवा वासनेने घसरतो, आणि त्याला घसरवणारी एक मोहक, धूर्त स्त्री असते. ‘ड्राइव्ह’ने हा साचा उलटा करून वापरला आहे. इथला पुरुष बुडतो तो चांगुलपणाच्या एका कृतीमुळे, आणि जिच्यासाठी तो बुडतो तिने त्याच्याकडे काहीही मागितलेले नसते. शहर मात्र तेच, जुन्या न्वार चित्रपटांचे आवडते लॉस एंजेलिस. काळ्या-पांढऱ्याच्या जागी नारिंगी आणि निळा आला आहे इतकेच. छायाचित्रणकार न्यूटन थॉमस सिगेल यांनी रात्रीच्या शहराला दिलेली झळाळी डोळ्यांत भरणारी आहे. रेफन यांना रंगांधळेपणा आहे, मधल्या छटा त्यांना नीट ओळखू येत नाहीत, त्यामुळे ते ठळक विरोधाचे रंग योजतात, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. (त्यांना गाडीही चालवता येत नाही. गाड्यांवरच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाविषयी ही माहिती कळल्यावर पहिला प्रसंग पुन्हा पाहावा. तो चालकाच्या नजरेपेक्षा शेजारी बसलेल्या सावध प्रवाशाच्या नजरेने घेतल्यासारखा वाटू लागतो.)

नापसंती नोंदवणाऱ्या प्रेक्षकांचा मुख्य आक्षेप असा, की हा चित्रपट म्हणजे केवळ शैली आहे : संथ गती, लांबलेले कटाक्ष, ऐंशीच्या दशकाची आठवण करून देणारे सिंथेसायझरचे संगीत, तोंडात दातकोरणे, पाठीवर सोनेरी विंचू भरतकाम केलेले पांढरे साटीनचे जॅकेट, आणि या सगळ्याच्या आत पोकळी. आक्षेप हास्यास्पद मुळीच नाही. नायक इतका कमी बोलतो की काही ठिकाणी साध्या प्रश्नाला उत्तर यायला लागणारा वेळ कृत्रिम वाटतो, आणि आयरीन व तो एकमेकांकडे पाहत उभे राहतात त्यांतल्या दोनतीन दृश्यांना कात्री लागली असती तर काही बिघडले नसते. तरीही ‘पोकळ’ हा शब्द मला पटत नाही, कारण ही शैली दिग्दर्शकाने चित्रपटावर वरून चढवलेली नाही. ती नायकाने स्वतःवर चढवलेली आहे. दातकोरणे, हातमोजे, जॅकेट, पाच मिनिटांची अट ही सगळी त्याने स्वतःसाठी रचलेली भूमिका आहे. तो चित्रपटांत दुसऱ्याच्या चेहऱ्याचा मुखवटा घालून गाडी उलटवणारा माणूस आहे, आणि पडद्याबाहेरही त्याने स्वतःला तसेच बेतून घेतले आहे.

या भूमिकेखाली काय दडले आहे, हे चित्रपट एका साध्या प्रसंगात आधीच सुचवून ठेवतो. बेनिसिओ आणि नायक टीव्हीवर कार्टून पाहत असतात. त्यातला शार्क दुष्ट आहे का, असे नायक विचारतो. मुलगा हो म्हणतो. कशावरून, या प्रश्नावर मुलाचे उत्तर सरळ असते, तो शार्क आहे म्हणून. चांगले शार्क नसतातच का, असे नायक पुन्हा विचारतो, आणि प्रेक्षक म्हणून आपण हे गोड संभाषण समजून पुढे जातो. पाठीवरचा विंचू कशासाठी आहे याचा खुलासा बराच नंतर, विंचू आणि बेडकाच्या बोधकथेच्या (पाठीवरून नदी पार करवणाऱ्या बेडकालाही विंचू, स्वभावच तो म्हणून, नांगी मारतो) उल्लेखातून होतो, तेव्हा त्या सोफ्यावरच्या प्रश्नाला धार चढते. तो मुलाला स्वतःबद्दल विचारत होता.

लिफ्टमधला प्रसंग या चित्रपटाचे मर्म आहे आणि सर्वाधिक प्रेक्षक चित्रपटावर रुसतात तेही तिथेच. लिफ्टमध्ये तिघे आहेत : नायक, आयरीन आणि एक अनोळखी माणूस, ज्याच्या कोटाआड नायकाला पिस्तूल दिसते. नायक हाताने आयरीनला हलकेच मागे, कोपऱ्यात नेतो. दिवे मंदावतात, गती थबकते, आणि तो तिचे चुंबन घेतो. हे पहिलेच आणि शेवटचे. प्रकाश पुन्हा पूर्ववत होताच तो त्या माणसावर झडप घालतो आणि त्याचे डोके पायाने ठेचतो, गरज संपून गेल्यानंतरही ठेचत राहतो. दार उघडते, आयरीन मागे सरकत तळघरातल्या वाहनतळात जाते आणि वळून पाहते. तिला काय दिसते? धापा टाकणारी पाठ, आणि श्वासागणिक हलणारा तो विंचू. मग दार मिटते. या हिंसेला अनावश्यक म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी समजू शकतो. ठेचण्याच्या आवाजाला ध्वनिसंकलकांनी दिलेला तपशील अंगावर काटा आणतो, आणि या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर नामांकन ध्वनिसंकलनाचेच होते. पण ही हिंसा सुटसुटीत, चटकन उरकणारी ठेवली असती तर नायक नायकच राहिला असता, आणि आयरीनच्या नजरेला अर्थ उरला नसता. तिला वाचवण्याची कृती आणि तिला कायमची गमावण्याची कृती एकच आहे, हे तेवढ्या एका लिफ्टमध्ये, एका शब्दाशिवाय सांगून होते. जॅकेटवर रक्ताचे शिंतोडे उडतात ते तिथेच. पुढे तो ते बदलत नाही, धूत नाही, शेवटपर्यंत तेच घालून वावरतो. शैली म्हणून मिरवलेली वस्तू इतकी मळू देणाऱ्या चित्रपटाला शैलीच्या प्रेमात पडलेला म्हणणे मला जड जाते.

दोष आहेत, आणि ते आक्षेपकांनी दाखवलेल्या जागेपेक्षा वेगळ्या जागी आहेत. सर्वांत मोठा दोष स्त्री-व्यक्तिरेखांचा. मलिगन यांचा चेहरा पुष्कळ काही सांगतो, परंतु आयरीनला पटकथेने स्वतःची इच्छा, राग किंवा चूक असे काहीच दिलेले नाही; ती कोणाच्या तरी संरक्षणाखाली असण्यापुरती उरते. क्रिस्टिना हेन्ड्रिक्स यांच्या ब्लांशला (दुकानावरच्या दरोड्यातली साथीदार) तर मोजून काही मिनिटे मिळतात आणि मोटेलमध्ये तिचा शेवट होतो. नाइट क्लबमध्ये नायक एका गुंडाच्या कपाळावर बंदुकीची गोळी टेकवून हातोडा उगारतो (बेनिसिओला धमकीदाखल दिलेली तीच गोळी), तेव्हा भोवतीच्या अर्धनग्न नर्तिका किंचाळत नाहीत, पळत नाहीत, पुतळ्यांसारख्या बसून पाहतात. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे. पण या चित्रपटात स्त्रियांचे स्थान काय, याची नकळत दिलेली कबुलीही तीच आहे. जुन्या न्वारमधली ती धूर्त स्त्री कितीही बदनाम असली तरी कथा पुढे रेटणारी होती. तिला काढून टाकताना तिच्या जागी कोणालाच बसवलेले नाही. याउलट स्टँडर्डची भूमिका ऑस्कर आयझॅक यांनी ज्या तऱ्हेने उभी केली आहे, तिच्यामुळे ‘तुरुंगातून आलेला नवरा’ हा ठोकळा माणूस होतो. शेजाऱ्याने बायकोला केलेल्या मदतीबद्दल आभार मानताना त्याच्या आवाजात संशय, लाज आणि खरी कृतज्ञता एकाच वेळी असते.

रॉन पर्लमन यांचा नीनो हा गुंड थोडा भडक झाला आहे. ब्रायन क्रॅन्स्टन यांचा गॅरेजमालक शॅनन जेवढा हवा तेवढा आहे. मात्र अल्बर्ट ब्रुक्स यांच्या बर्नी रोझविषयी वेगळे लिहायला हवे. विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नटाला खुनशी गुंडाच्या भूमिकेत घेण्याची कल्पना अचूक ठरली, आणि न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना दिला. बर्नी खून करतो तो कंटाळलेल्या, घरी जायला उशीर होत असलेल्या माणसासारखा. एका मित्राचा जीव घेताना तो त्याला धीरही देतो, आणि तो धीर खोटा वाटत नाही. आपण ऐंशीच्या दशकात मारामारीचे चित्रपट काढत होतो, एका समीक्षकाने त्यांना युरोपीय म्हटले होते, स्वतःला मात्र ते टाकाऊ वाटत, असे तो एकदा सहज सांगतो. एका युरोपीय दिग्दर्शकाने अमेरिकी मारधाडपटात ठेवलेला हा चिमटा चित्रपटाला स्वतःकडे हसूनही पाहता येते हे दाखवतो, आणि असे आणखी दोनचार चिमटे असते तर बरे झाले असते.

संगीताबद्दल फार लिहीत नाही, कारण चित्रपट न आवडलेलेही ते ऐकतात. क्लिफ मार्टिनेझ यांचे पार्श्वसंगीत संयत आहे. कॉलेज आणि इलेक्ट्रिक यूथ यांचे ‘अ रिअल हीरो’ हे गाणे मात्र दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ते नायकाला जे म्हणते त्यावर आपला विश्वास किती बसतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. पहिल्यांदा, आयरीन आणि मुलाला घेऊन तो नदीच्या कोरड्या काँक्रीटच्या पात्रातून उन्हात गाडी नेतो तेव्हा, ते शब्द अगदी खरे वाटतात.

दुसऱ्यांदा ते येते शेवटाला, म्हणून ज्यांना शेवट कळून घ्यायचा नाही त्यांनी इथेच थांबावे. वाहनतळातल्या अखेरच्या झटापटीत आपल्याला मुख्यतः जमिनीवर पडलेल्या दोन सावल्याच दिसतात. त्यानंतर नायक जखमी अवस्थेत स्टिअरिंगमागे बसतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबतो की तो मेला, असे आपण मनोमन ठरवून टाकतो. मग पापणी लवते. पैशांची पिशवी मृतदेहाशेजारी तशीच सोडून गाडी निघते. दुसरीकडे आयरीन त्याच्या दारावर थाप मारते आणि उत्तर न आल्यामुळे परत फिरते. तो वाचला की नाही यावर प्रेक्षक अजूनही हमरीतुमरीवर येतात. मला जखमेपेक्षा दिशा महत्त्वाची वाटते : पैसा सोडला, घर सोडले, आणि गाडी त्या दाराकडे वळली नाही. सोफ्यावर बसून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने मान्य केले आहे, आणि जॅकेट अजून अंगावरच आहे.