ग्लट-१ कमतरता असलेल्या मुलांच्या घरी किटोन मीटर: फ्रीस्टाइल ऑप्टियम निओ

ग्लट-१ कमतरता या जनुकीय आजारात रक्तातली साखर ठीक असते, पण ती मेंदूत पोचवणारा ग्लट-१ नावाचा वाहक अपुरा पडतो. मेंदूला दुसरं इंधन म्हणून किटोन, म्हणजे शरीर चरबीपासून बनवतं ते पदार्थ, द्यावे लागतात. त्यामुळे या मुलांसाठी किटोजेनिक आहार (भरपूर तूप-तेल, अगदी कमी पिष्ट आणि साखर) म्हणजे औषधच, आणि रक्तातले किटोन मोजणं ही चैन नव्हे. अ‍ॅबटचं हे मीटर आम्ही बिनदिक्कत सुचवू.

लघवीची पट्टी स्वस्त खरी, पण ती अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा एक किटोन दाखवते. मूल पाणी कमी प्यायलं तरी तिचा रंग गडद होतो, आणि एकदा गर्द जांभळा झाला की त्यापुढचं काहीच कळत नाही. मीटर रक्तातला मुख्य किटोन, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, मोजतं, लिटरमागे ८.० मिलिमोलपर्यंत. साधारण २ ते ५ च्या दरम्यान ठेवायला सांगतात. ग्लट-१ मध्ये शक्यतो वरच्या बाजूला. नेमका आकडा तुमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

पट्ट्या वाया जातात त्या थेंबापायी. साखरेच्या पट्टीला ०.६ मायक्रोलिटर रक्त पुरतं, किटोनच्या पट्टीला १.५ लागतं. थेंब कमी पडला की बोट पिळलं जातं, पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा चुकतो. म्हणून मुलाचा हात कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, मिनिटभर खाली सोडून ठेवा. बोटाच्या टोकाला नव्हे, कडेला टोचा. मोहरीएवढा थेंब आपसूक येऊ द्या, मगच पट्टी टेकवा. १० सेकंदांत आकडा येतो. सॅनिटायझर ओला असताना टोचू नका.

वेळ पाळणं तितकंच महत्त्वाचं. किटोन सकाळी कमी असतात, दिवस कलताना चढतात. सकाळी १.८ आणि संध्याकाळी ४.२ हे एकाच मुलाचे, एकाच दिवसाचे असू शकतात. तेवढ्यावरून तुपाचं प्रमाण बदलू नका. वहीत आकड्याशेजारी वेळ, आकडीचे झटके आणि चालतानाचा तोल लिहा.

श्वास भराभर चालला, उलट्या झाल्या, मूल सुस्तावलं तर किटोन आणि साखर दोन्ही तपासा. मीटर तेच, पट्ट्या वेगळ्या. किटोन फार चढले किंवा साखर उतरली, तर सहसा ३० मिली फळांचा रस देऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगतात. आपल्या डॉक्टरांची सूचना आधीच लिहून घ्या. मूल नीट शुद्धीत नसेल तर तोंडाने काहीही न देता थेट हॉस्पिटल गाठा.

खटकतात त्या पट्ट्याच. महाग आहेत, डब्यात जेमतेम १०, आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे बहुधा मिळत नाहीत. शिवाय त्यांना ३० अंशांच्या वरची उष्णता चालत नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात घरातल्या सर्वांत थंड खोलीत, बंद कपाटात ठेवा. गाडीत कधीच नाही. पट्टीचं वेष्टन बोट टोचण्याच्या बेतात असतानाच फाडा. पार्सल हातात आलं की आधी मुदतीची तारीख बघा, आणि चार पट्ट्या उरल्या की पुढचा डबा मागवा.